पेनीभर दुपार

थैली कमरेला घट्ट बांधा आणि तिच्यावर एक हात राहू द्या. आत पेनीची नाणी आहेत. चांदीची, पातळ, बोटाच्या नखाएवढी. पुढचे तीन दिवस तुमची सगळी मौज त्यांच्यावर चालणार आहे. बारा पेनींचा एक शिलिंग होतो, आणि इथल्या कसबी सुताराला किंवा गवंड्याला दिवसभर राबल्यावर एक शिलिंग, फार तर त्याहून थोडं जास्त मिळतं. पेनी म्हणजे त्याचा तासाभराचा घाम. तो ती कशावर खर्च करतो हे नीट बघा. हे शहर त्यातून जितकं कळेल तितकं राजवाड्यांतून कळणार नाही.

तारीख 19 सप्टेंबर 1599, वार बुधवार, गाव लंडन. गादीवर पहिली एलिझाबेथ आहे, नुकतीच 66 वर्षांची झालेली. तिच्या आजोबांनी 1485 मध्ये लढाईत मिळवलेलं राज्य तिच्यानंतर ट्यूडर घराण्यात राहणार नाही, कारण तिला मूल नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि वारसाचा विषय चारचौघांत काढणं धोक्याचं आहे हेही ठाऊक आहे. या दशकात प्लेगनं आणि लागोपाठ बुडालेल्या पिकांनी लोकांना पिळून काढलंय. तरी शहर फुगतंच आहे. दोन लाखांच्या आसपास माणसं झाली आहेत, आणि त्यांत गावाकडून आलेली, निदान सात वर्षांच्या करारानं धन्याच्या घरी राहून धंदा शिकणारी उमेदवार पोरं हजारोंनी आहेत. त्यांच्याकडे लक्ष असू द्या. इथली करमणूक त्यांच्या टाळ्यांवर जगते, आणि शहराचे कारभारी सगळ्यात जास्त त्यांनाच घाबरतात.

डोक्यावर लोकरी टोपी चढवा. सामान्य माणसानं रविवारी आणि सणाला लोकरी टोपी घातलीच पाहिजे, असा कायदा 1571 मध्ये झाला होता. लोकरवाल्यांचा धंदा चालावा म्हणून. दोन वर्षांपूर्वी तो रद्द झाला. पण टोपी असली की तुम्ही गर्दीत खपून जाल.

सकाळ सेंट पॉलच्या आवारात काढा. या थोरल्या देवळाचा मनोरा 1561 मध्ये वीज पडून जळाला, तो पुन्हा कुणी उभारलेला नाही. पण आवारात माणसांचा पूर आहे. पुस्तकांची दुकानं ओळीनं लागली आहेत, आणि त्यांच्या पुढे उभा राहून एक माणूस घसा ताणून गातोय. तो गवई नाही, विक्रेता आहे. हातातली चळत बॅलडची आहे: एकाच बाजूनं छापलेला कागद, वर ओबडधोबड लाकडी ठशाचं चित्र, खाली गाणं. सूर लिहिलेले नसतात. अमुक गाण्याच्या चालीवर म्हणावं, एवढीच सूचना असते, आणि ती चाल प्रत्येकाच्या तोंडी असते. विषय खुनाचे, फाशीचे, किनाऱ्याला लागलेल्या अजस्र माशाचे, फसलेल्या प्रेमाचे. एक पेनी टाका आणि कागद घ्या. संध्याकाळपर्यंत हाच कागद कुठल्यातरी बिअरच्या गुत्त्यात भिंतीवर चिकटवलेला असेल. ज्याला वाचता येतं तो म्हणेल, ज्याला येत नाही तो ऐकून पाठ करेल.

दाढी करायला न्हाव्याच्या दुकानात शिरलात तर भिंतीवर तारांचं एक वाद्य टांगलेलं दिसेल. ते सिटर्न. नंबर येईपर्यंत गिऱ्हाइकानं ते काढून छेडायचं, अशीच रीत आहे. या लोकांच्या गाण्याच्या हौसेबद्दल फार कमी लिहिलं जातं याची मला खंत वाटते. नाटकांनी सगळा उजेड स्वतःकडे ओढून घेतला. दोन वर्षांपूर्वी, 1597 मध्ये, संगीतकार जॉन डाउलंडचं गाण्यांचं पहिलं पुस्तक छापून आलं. त्याची पानं मुद्दाम अशी जुळवली आहेत की एकच पुस्तक टेबलावर उघडं ठेवावं आणि चारही बाजूंना बसलेल्यांनी आपापला भाग आपल्या बाजूनं सरळ वाचून गावा. जेवण झालं, ताटं उचलली, पुस्तक मध्ये ठेवलं आणि घर गाऊ लागलं. ऐकायला बाहेरचं कुणी नाही.

गर्दीत कुणी बँक्सच्या घोड्याचं नाव काढलं तर कान द्या. मोरोक्को नावाचा हा घोडा गेली काही वर्षं सरायांच्या अंगणांत खेळ करतोय. मालकानं विचारलं की टापा आपटून नाण्यांची बेरीज सांगतो, मागच्या पायांवर नाचतो. त्याच्यावर 1595 मध्ये एक पुस्तिकाही निघाली. लवकरच बँक्स त्याला सेंट पॉलच्या जिन्यानं थेट छतावर चढवणार आहे आणि खाली आवारात हे बघायला जत्रा लोटणार आहे.

आता गुत्त्यात चला. बाकावर जागा मिळाली तर बसा, पण समोरचा फासे काढू लागला की हात आखडता घ्या. फाशांत पारा किंवा शिसं भरून ते हवे तसे पाडण्याची कला इथे इतकी पक्की झाली आहे की 1552 मध्येच तिच्या युक्त्या उघड करणारं पुस्तक छापावं लागलं. पत्त्यांत प्रिमेरो जोरात आहे. चार पत्ते, चढती बोली आणि चेहऱ्यावर काही उमटू न देण्याची कसोटी. दरबारातही तोच खेळतात. पण दरबारी माणूस खेळतो ती करमणूक, आणि पलीकडच्या बाकावरचा चांभाराचा उमेदवार खेळतो तो गुन्हा.

हे मी अलंकारानं म्हणत नाही. आठव्या हेन्रीच्या काळातला 1541 चा कायदा अजून लागू आहे. कारागीर, मजूर, नोकर, उमेदवार यांनी टेबल्स (म्हणजे आजचं बॅकगॅमन), टेनिस, फासे, पत्ते, गोळे घरंगळवण्याचे खेळ यांतलं काहीही नाताळाखेरीज खेळायचं नाही. नाताळातसुद्धा धन्याच्या घरी, त्याच्या नजरेखाली. मात्र वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन असेल तर स्वतःच्या आवारात गोळे खुशाल घरंगळवा. कायदा करणारा राजा स्वतः टेनिसवेडा होता, फाशांवर पैसे हरत होता, आणि 1526 मध्ये त्यानं फुटबॉल खेळायला खास बूट शिवून घेतल्याची नोंद आहे. चार शिलिंगांचे.

लोकांनी काय केलं? त्याचं एक उत्तर समुद्रानं सांभाळून ठेवलं. हेन्रीचं लाडकं लढाऊ जहाज मेरी रोझ 1545 मध्ये बुडालं आणि 1982 मध्ये वर काढण्यात आलं. त्यात फासे सापडले, बासऱ्या आणि तंतुवाद्यं सापडली, आणि जहाजाच्या सुताराच्या खोलीत टेबल्सचा सुबक पट मिळाला. बंदी घालून चार वर्षं झाली होती, जहाज खुद्द राजाचं होतं, आणि पट कारागिराच्या खोलीत होता. मला हा पट त्या काळातल्या कुठल्याही राजमुकुटापेक्षा मोलाचा वाटतो.

जेवण उरकलं की नदी ओलांडा. पुलावरून गेलात तर दोन्ही बाजूंना बहुमजली घरं आणि दुकानं लागतील, आणि दक्षिणेकडच्या दरवाज्यावर भाल्यांच्या टोकांना लावलेली देशद्रोह्यांची मुंडकी दिसतील. गेल्या वर्षी पॉल हेंट्झनर नावाच्या जर्मन प्रवाशानं तिथे तीसच्या वर मोजली. होडीनं जाणं बरं. नावाडी धक्क्यावर गिऱ्हाइकासाठी एकमेकांवर ओरडत असतात. एक पेनी द्या आणि बसा. पलीकडचा किनारा म्हणजे बँकसाइड. लंडनच्या लॉर्ड मेयरचा हुकूम नदीपाशी बराचसा विरतो. तिथे विंचेस्टरच्या बिशपची हद्द आहे, आणि बिशपच्या जमिनीवर कुंटणखानेही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले. हेन्रीनं 1546 मध्ये ते बंद केले. धंदा मात्र आडोशाला चालूच आहे. शहराला जे हवं असतं पण दारात नको असतं, ते सगळं इथे येऊन राहतं.

पहिला वास कुत्र्यांचा येईल. बेअर गार्डन या अस्वलांच्या झुंजींच्या जागेमागे शंभरावर मॅस्टिफ कुत्री बांधलेली आहेत, प्रत्येक वेगळ्या खोपट्यात. खाटकांकडून येणारं टाकाऊ मांस त्यांना घालतात, त्याची घाण हवेत भरून राहिलेली असते. हे आपल्याला सांगणारा माणूस आज तुमच्या आसपासच कुठेतरी फिरतोय. बाझल शहरातून आलेला, पंचविशीतला थॉमस प्लॅटर. वैद्यकी शिकलाय, डोळा चौकस आहे, आणि बघितलेलं सगळं लिहून ठेवतो. कुत्री 120, अस्वलं 12, असं त्यानं टिपलंय. अस्वलांचे खेळ रविवारी आणि बुधवारी. पेनी द्या, लाकडी सज्जांमध्ये शिरा.

मधल्या रिंगणात खांबाला लांब दोरानं अस्वल बांधलंय. त्याचे दात तोडून बोथट केलेले आहेत. कुत्री सोडतात. पहिलं अंगावर झेपावतं आणि पंजाच्या एका फटक्यानं हवेत उडतं. त्याचा मालक काठी पुढे करून त्याला झेलायला धावतो. दुसरं मानेला लटकतं. दमलेली, फाटलेली कुत्री मागे घेतात आणि ताजी सोडतात. तुमच्या शेजारची बाई आपल्या आवडत्या अस्वलाच्या नावानं ओरडते आहे, कारण अस्वलांना नावं आहेत. हॅरी हंक्स, सॅकर्सन ही नावं घराघरात ठाऊक आहेत. सॅकर्सनचा उल्लेख तर शेक्सपिअरच्या विनोदी नाटकातही आलाय. अस्वल मरू देत नाहीत. ते महागाचं जनावर आहे, पुढच्या रविवारी त्याला पुन्हा उभं राहायचंय. मग बैल आणतात. आणि सगळ्यांत शेवटी एक म्हातारं, आंधळं अस्वल.

त्याच्यावर कुत्री सोडत नाहीत. पोरं वेताच्या छड्या आणि काठ्या घेऊन त्याला गराडा घालतात आणि झोडपतात. ते आवाजाच्या दिशेनं पंजे मारतं, लोक हसतात. तेवढ्यात प्लॅटरला दिसलं ते तुम्हालाही दिसतं: त्या अस्वलाला आपला दोर सोडवता येतो. ते गाठ सोडवतं आणि अंधारातच, नेमक्या वाटेनं, आपल्या खोपट्याकडे पळत सुटतं.

हे बघवत नसेल तर उठा. पण उठण्याआधी शेजारी कोण आहेत ते बघून घ्या. परवा तुम्ही ज्यांच्याबरोबर नाटकाला उभे राहणार आहात, तीच ही माणसं. नाटककार मार्लोचा टँबरलेन साकारून लंडनला वेड लावणारा एडवर्ड ॲलेन या काळातला पहिल्या प्रतीचा नट. 1594 पासून बेअर गार्डनमध्ये त्याचा पैसा गुंतलेला आहे. नाटकांची एवढी चलती झाली की अस्वलांचा गल्ला बुडू लागला, तेव्हा 1591 मध्ये राणीच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे सल्लागार मंडळानं, गुरुवारी नाटकांना बंदी केली, का तर तेव्हा तो दिवस अस्वलांच्या खेळाचा होता. राणीला हा खेळ मनापासून आवडतो; 1575 मध्ये केनिलवर्थला तिच्यापुढे 13 अस्वलं उभी केली होती. त्या काळचा चांगुलपणा एका इमारतीत आणि क्रौर्य दुसऱ्या इमारतीत, अशी वाटणी मला करता येत नाही. प्रेक्षक एक, पेनी एक, लाकडी गोल सज्जांची बांधणीसुद्धा एक.

विरोध करणारे आहेत. ते कडवे प्रॉटेस्टंट, ज्यांना प्युरिटन म्हणतात. जानेवारी 1583 मध्ये एका रविवारी इथलाच जुना सज्जा माणसांनी खचाखच भरलेला असताना कोसळला आणि माणसं मेली. हा देवाचा कोप, असं त्यांनी छापून सांगितलं. त्याच वर्षी फिलिप स्टब्ज याचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात नाटक, नाच, मे महिन्यातला फुलांनी सजवलेला खांब, फुटबॉल, सगळ्यांना झोडपलंय. अस्वलाच्या छळाबद्दल त्याला खरोखर कळवळा होता, एवढं त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. पण खांबाभोवती नाचणाऱ्या पोरी आणि कुत्र्यांनी फाडलेलं जनावर यांत त्याला फारसा फरक दिसला नाही.

गुरुवारी सकाळी शहराच्या उत्तरेला फिन्सबरीच्या कुरणांवर जा. इथे धनुर्धारी सराव करतात. हा मात्र सरकारमान्य खेळ. 1541 च्या त्याच कायद्यानुसार साठीच्या आतल्या धडधाकट पुरुषाकडे धनुष्य असलंच पाहिजे आणि सात वर्षांच्या मुलाला बापानं धनुष्य आणि दोन बाण द्यायचे आहेत. बाकीच्या खेळांवर बंदी घालण्यामागचं एक कारणही हेच होतं: पोरं पत्ते कुटत बसली तर फ्रान्सशी लढणार कोण? आता बंदुकांनी धनुष्याला मागे सारलंय, कायदा मात्र तसाच उभा आहे.

परतताना रॉयल एक्स्चेंजवरून या. व्यापाऱ्यांच्या घोळक्यांत पौर्वात्य मसाल्यांची चर्चा चालली असेल. परवा, 22 सप्टेंबरला, यांतलेच काही जण एका यादीत आपापल्या नावापुढे रकमा लिहिणार आहेत. बेरीज 30,133 पौंड होईल, आणि पुढच्या वर्षअखेरीस तिच्यातून ईस्ट इंडिया कंपनी जन्माला येईल. हिंदुस्थानची बातमी यांना राल्फ फिच या व्यापाऱ्यानं आणून दिली. तो 1583 मध्ये गोव्यात पोर्तुगीजांच्या कैदेत पडला होता आणि 1591 मध्ये लंडनला परतला. गोव्यात फिच आणि त्याच्या सोबत्यांना जामिनावर सोडवायला मदत करणारा माणूस इंग्रजच होता, फादर थॉमस स्टीफन्स. तुम्ही लंडनच्या गल्लीत उभे आहात त्या घडीला तो गोव्यातल्या साष्टीत आहे. याच एलिझाबेथच्या राज्यात वाढलेला हा माणूस मराठीत ओव्या रचणार आहे आणि 1616 मध्ये रायतूरच्या छापखान्यातून त्याचं ख्रिस्तपुराण बाहेर पडणार आहे. बॅलडच्या आरोळ्यांच्या देशात जन्मलेल्याला आपली ओवी इतकी साधली, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

दुपारी कोंबड्यांच्या झुंजी. त्यांसाठी स्वतंत्र घर बांधलेलं असतं. मध्ये गवत पसरलेला गोल ओटा, भोवती कडं, त्याभोवती चढत्या बैठका. पैजा लावणारे अगदी ओट्याला चिकटून, नुसतं बघायला आलेले पेनीवाले वर. हा खेळ चार-चार तास चालतो. मी यावर फार थांबणार नाही. काल बघितलंत ते पुरे आहे, आणि इथे बघण्यासारखी गोष्ट कोंबडे नसून पैसा आहे: सरदार आणि कातडं कमावणारा एकाच फळीवर कोपर टेकून एकाच वेळी ओरडताहेत, आणि हरला तर दोघांनाही जागेवर पैसे मोजावे लागताहेत.

वरच्या वर्गाच्या शिकारी, बहिरी ससाणे, घोड्यावरच्या भालेझुंजी तुम्हाला या तीन दिवसांत दिसणार नाहीत. राणीच्या राज्यारोहणाच्या दिवशी, 17 नोव्हेंबरला, व्हाइटहॉलला भालेझुंजी भरतात, आणि त्या बघायला चक्क 12 पेनी पडतात.

शुक्रवार, 21 सप्टेंबर. दुपारचं जेवण लवकर आटपा आणि पुन्हा होडीत बसा. बँकसाइडवर एका उंच लाकडी इमारतीवर निशाण फडकतंय. गवतानं शाकारलेलं छप्पर, अजून उजळ दिसणारी भिंत. हे ग्लोब, काही महिन्यांपूर्वी उघडलेलं. तुळया मात्र जुन्या आहेत. जेम्स बर्बेजनं 1576 मध्ये उत्तरेला शोरडिचमध्ये ‘द थिएटर’ बांधलं, त्याच्या या तुळया. जमिनीचा करार संपला, मालक जाइल्स ॲलन नवा करार करीना आणि इमारतही आपलीच म्हणू लागला. तेव्हा 1598 चा नाताळ चालू असताना, 28 डिसेंबरला, बर्बेजची मुलं पीटर स्ट्रीट या सुताराला आणि माणसांना घेऊन गेली आणि अख्खं नाट्यगृह सांधे सोडवून उतरवून आणलं. ग्लोबची निम्मी मालकी बर्बेज बंधूंकडे. उरलेली निम्मी पाच नटांत वाटलेली. त्यांतला एक विल्यम शेक्सपिअर. नटच मालक झाल्याचं हे इंग्लंडमधलं पहिलं नाट्यगृह असावं.

दारावरच्या माणसाच्या हातात मातीचं भांडं आहे, वर फक्त चीर. पेनी आत सोडा. अंगणात उभं राहायचं तर एवढंच. बाकावर बसायचं तर आणखी एक, गादी हवी तर तिसरी. माझं ऐका, उभेच राहा. पायाखाली कुरकुर आवाज येईल तो हेझलनटच्या टरफलांचा. 1989 मध्ये शेजारच्याच रोझ नाट्यगृहाच्या पायात खणलं तेव्हाही ही टरफलं निघाली. विक्रेते सफरचंदं, पेअर, बदामासारखा तो हेझलनट, बिअर घेऊन गर्दीत फिरताहेत. मातीच्या चिलमींतून तंबाखूचा धूर वर चढतोय. बायका भरपूर आहेत. इथल्या बायका गुत्त्यांत आणि नाटकांना मोकळेपणानं जातात याचं प्लॅटरला फार आश्चर्य वाटलं. आणि सगळीकडे, कामाच्या दिवशी, भर दुपारी, उमेदवार पोरं. दोन वर्षांपूर्वी लॉर्ड मेयरनं प्रिव्ही कौन्सिलला पत्र धाडलं, नाटकं कायमची बंद करा म्हणून. तक्रारींत एक हीच होती, की नोकर आणि उमेदवार काम टाकून पळतात.

तुतारी तिसऱ्यांदा वाजते. पडदा नाही, दिवे नाहीत. तुमच्यावर पडलेलं ऊन नटांवरही पडलंय. नाटक ज्यूलियस सीझर.

आणि पहिल्याच प्रवेशात रंगमंचावर कोण येतं बघा. सीझर नाही. सुतार येतो, चांभार येतो, रोममधली कामकरी माणसं, सीझरची मिरवणूक बघायला काम टाकून निघालेली. दोन अधिकारी त्यांना अडवतात, दरडावतात: कामाच्या दिवशी, धंद्याची खूण अंगावर नसताना, रस्त्यात काय करताय? चला घरी. अंगणातून हशा उसळतो. तुमच्या डाव्या बाजूला खरा सुतार उभा आहे, उजवीकडे खरा चांभार, आणि दोघंही अशीच दुपार चोरून आलेत. शेक्सपिअरनं रोमबद्दल नाटक सुरू करायच्या आधी त्यांच्याकडे बघितलं. चांभार अधिकाऱ्याला उलट उत्तरं देतो तेव्हा तुमच्या उजवीकडचा माणूस गुडघ्यावर थाप मारतो. मेयरची सगळी तक्रार रंगमंचावर उभी राहते आणि चांभार तिला पुरून उरतो. या कलेवर माझं प्रेम आहे ते अशा जागांमुळे.

जुन्या रोमची वेशभूषा शोधू नका. सीझरच्या अंगात आजच्या फॅशनचा डब्लेट, म्हणजे तंग अंगरखा, आहे. कपडे मात्र खरे आणि भारी आहेत. सरदार मेला की त्याचे कपडे नोकरांना मिळतात, ते घालायची नोकरांना मुभा नसते, म्हणून ते नाटकवाल्यांना विकतात, असं प्लॅटर सांगतो. रोझचा मालक फिलिप हेन्स्लो याच्या जमाखर्चाच्या वहीत नाटककाराला एका नाटकाचे सहा पौंडांच्या आसपास दिलेले दिसतात, आणि एका मखमली झग्याला त्याहून जास्त. ज्या मखमलीला सामान्य माणसानं हात लावायचा नाही, ती इथे सामान्य घरातला मुलगा घालून राजा होतो.

पोर्शिया बोलू लागते. तो मिसरूड न फुटलेला मुलगा आहे. बायकांना रंगमंचावर येऊ देत नाहीत. बालगंधर्वांचं नाव घेत वाढलेल्या आपल्याला याचं नवल नको, आणि अंगणातल्या बायकांनाही नाही. पोर्शिया आपली जखम दाखवते तेव्हा त्या गप्प होतात.

नटांना नाटक बसवायला जेमतेम काही दिवस मिळतात. रोज वेगळं नाटक असतं. एकच नाटक सलग दोन दिवस लावायची रीत नाही. प्रत्येकाला फक्त आपली नक्कल मिळते, गुंडाळीच्या कागदावर, आधीच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द जोडून. समोरचा नट पुढे काय बोलणार हे बहुतेक वेळा कळतं ते तो बोलल्यावरच. म्हणून ते एकमेकांचं इतकं जीव ओतून ऐकताना दिसतात.

सीझरला भोसकतात. रक्त वाहतं, असल्या प्रवेशांसाठी मेंढ्याचं रक्त पिशवीत भरून ठेवलेलं असतं. मग अँटनी प्रेतापाशी येऊन गर्दीशी बोलतो. रंगमंचावर गर्दी करायला चारच नट आहेत. एवढ्याशा माणसांनी रोम कसं पेटेल, असं वाटत असतानाच तुमच्या लक्षात येतं की अँटनी त्यांच्याकडे बघतच नाहीये. तो तुमच्याकडे बघतोय. खचाखच भरलेलं अंगण त्याचं रोम झालंय. तो बोलत जातो तसे लोक पुढे सरकतात, तुमचे खांदे दाबले जातात, कुणीतरी ओरडतं. आणि थोड्याच वेळात हेच लोक, रंगमंचावर, कवी सिना याला नुसत्या नामसाधर्म्यावरून फाडून टाकतात. बुधवारी रिंगणाभोवती ऐकलेला आवाज तुम्हाला आठवेल. शेक्सपिअरला तो नेहमीच ऐकू येत असणार. बेअर गार्डन इथून हाकेच्या अंतरावर आहे.

ब्रूटस मरतो. अँटनी त्याच्यावर दोन बरे शब्द बोलतो. सगळं संपलं असं समजून तुम्ही वळाल, पण थांबा, कुणीच हललेलं नाही. वाद्यं वाजू लागतात. चार नट पुढे येतात, दोन पुरुषांच्या वेशात, दोन बायकांच्या, आणि जिग नाचू लागतात. इतक्या सफाईनं की प्लॅटरनं ते आवर्जून लिहून ठेवलं. जिगचा बादशहा विल केम्प हल्लीच कंपनीतून बाहेर पडलाय. येत्या फेब्रुवारीत तो पायांत घुंगरं बांधून लंडनहून थेट नॉर्विचपर्यंत मॉरिस नाचत जाणार आहे, नाचाचे दिवस नऊ, आणि वाटेत गावंच्या गावं त्याला बघायला रस्त्यावर येणार आहेत. त्याच्याशिवायही अंगण डोलतंय. सुताराचा पाय ठेका धरतोय. तुमचाही धरू द्या.

नाच संपताच एक नट पुढे येऊन उद्याच्या नाटकाचं नाव सांगतो. मग सगळे एकदम दारांकडे लोटतात, कारण होड्या कमी आणि माणसं फार आहेत. थैली चाचपून बघा. नदीपार जायला एक पेनी लागेल, आणि आणखी एक उरली असेल, तर उद्या दोन वाजता पुन्हा या.